निळ्या अर्धवर्तुळातली नांगरट

४ ऑक्टोबर

ताईचं म्हणणं, गोलीने मॅचनंतर तीन ओळी लिहाव्यात. कुठला गोल गेला, कुठून गेला, का गेला. बस्स. डोक्यात ठेवलं की सडतं. ताई म्हणजे आमच्या आइस हॉकी संघाची पहिली गोली, म्हणजे गोलरक्षक. सख्खी बहीण नाही, पण बोलून घेते सख्खीसारखीच. मी दुसरी गोली. दुसऱ्या गोलीचं काम म्हणजे बाकावर बसायचं, खेळाडू आल्या-गेल्या की दार उघडायचं आणि सगळ्यात मोठ्याने ओरडायचं. मी गोलात उभीच नसते, त्यामुळे माझ्यावर गोल जात नाही. आता यात तीन ओळी कुठून काढू?

पण आज लिहिण्यासारखं झालंय. मी प्रेमात पडले आणि त्याच माणसाशी भांडले. दोन्ही एकाच मिनिटात. आधी कुठलं, ते शपथेवर सांगता येणार नाही.

झालं असं. सरावाआधी रिंकवर, म्हणजे आमच्या गोठवलेल्या मैदानावर, बर्फाची गाडी फिरते. ती वरचा उखडलेला थर तासून घेते आणि मागून पाणी सोडते, तेही गरम! पाणी गोठलं की बर्फाचा आरसा होतो. ताईचं गुडघ्याचं दुखणं चाललंय म्हणून कोच म्हणाल्या, आज तू उभी राहा. मी गेले आणि जगातली प्रत्येक गोली करते ते केलं. गोलपुढचं निळं अर्धवर्तुळ स्केटच्या पात्यांनी आडवं-तिडवं खरवडून काढलं. खरवडावंच लागतं. आरशावरून एका खांबाकडून दुसऱ्याकडे निघालं की माणूस खांब ओलांडून शेजारच्या घरी पोचतो.

दाराशी गाडी थांबलेली. वरून आवाज आला, "अहो! अहो, काय करताय? आत्ता घातलाय तो बर्फ!"

"मग?"

"मग काय मग? गोठू तरी द्या! शेत नांगरताय का?"

"तुम्ही पेरणी करा, कापणी मी बघते!" मी ओरडले. याचा अर्थ काय, ते मलाही माहीत नाही. रागात तोंडाला येईल ते येतं.

गाडीवर एक मुलगा, लोकरीची टोपी कानांखाली ओढलेली. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो त्या खरवडलेल्या बर्फाकडे बघत होता, पडलेल्या पोराच्या सोललेल्या गुडघ्याकडे बघावं तसा. तिथेच गेले मी. कामातून गेले.

मुली त्याला महाराज म्हणतात. अंबारीत बसल्यासारखा ताठ बसून रिंकभर फिरतो आणि कुणालाच हात करत नाही म्हणून.

७ ऑक्टोबर

घरी पुन्हा तोच विषय. मी अकाउंटन्सीचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं, तेव्हापासून आई माझ्याशी बोलताना आधी भांड्यांशी बोलते. आज कढईला म्हणाली, "काहींना वाटतं, गोल अडवून पोट भरतं."

"आई, मी इथे आहे."

"मला माहितेय तू कुठे आहेस. तू बाकावर आहेस."

दादा हसला. त्याला तोंड आहे की नळ, कळत नाही. मी ताट सरकवून उठले, मग भूक लागली म्हणून परत बसले. असं केलं की रागाचं पार हसं होतं.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. बाबांचं किल्ल्यांचं दुकान आहे. ते कुठलीही गोष्ट आधी उजेडात धरून बघतात. मलाही तसंच बघितलं आणि म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत तुझं तू बघ. तोवर पहिली गोली झालीस, तर हा विषय घरात कुणी काढायचा नाही. नाही झालीस, तर जानेवारीत कॉलेज. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

"लिहून घ्या," आई म्हणाली, यावेळी चक्क माझ्याकडे बघून.

मला या खेळातून बाहेर काढायचंच तर क्रेन मागवावी लागेल. बघतेच मी.

१९ ऑक्टोबर

ताईचा गुडघा गेला. मॅचमध्ये नाही, काही नाही. बसमधून उतरताना. तिला उचलून नेताना मी ढसाढसा रडत होते आणि ती मला म्हणते, "रडतेस काय? पॅड बांध. आणि डावीकडच्या काकांना विसरू नकोस."

काका म्हणजे गोलचे दोन खांब. डावे थोरले, उजवे धाकटे. दर वेळी गोलात शिरले की मी काठीने दोघांना टकटक करते आणि "काका, आहात ना?" असं विचारते. गोलींना हे सगळं माफ असतं. मॅचआधी आमच्याशी कुणी बोलत नाही, आम्ही मात्र लोखंडाशी बोलतो.

डॉक्टर म्हणाले, ताईला वर्षभर तरी खेळता येणार नाही. रविवारपासून गोलात मी. डोळे पुसले आणि आरशात बघून हसू यायला लागलं. थांबेचना. मी किती वाईट मुलगी आहे!

२६ ऑक्टोबर

सात.

पहिला पायांमधून. दुसरा पायांमधून. तिसरा जाऊ नये म्हणून पाय जुळवले, तर खांद्यावरून. चौथ्याला मी थोरल्या काकांच्याही पलीकडे घसरत गेले आणि पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, चालत चालत आत आली. चालत! पाहुणी असल्यासारखी. पाच ते सात आठवत नाहीत. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या भागापर्यंत मांड्या अशा भरून आल्या होत्या की खाली बसले की वर येताना कुणीतरी हात द्यावा असं वाटत होतं.

कोच एवढंच म्हणाल्या, "पुढच्या मॅचला पण तूच. दुसरं कोण आहे?"

उत्तेजन द्यावं तर असं.

२९ ऑक्टोबर

आज रिंकच्या बोळात महाराज गाडीचं पातं बदलत होता. मला बघून म्हणाला, "सात गेले म्हणे."

"बर्फ घसरडा होता."

"बर्फ दोघींना सारखाच होता."

मी पकडायचा हातमोजा काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. हॉकीत गोलीचा हातमोजा म्हणजे साधी वस्तू नव्हे. घामाने भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. त्याचा वास असा असतो की घरात आई तो गॅलरीत ठेवते आणि गॅलरीचं दार लावून घेते. तो त्याच्या छातीवर आपटला. त्याने उचलला, हुंगला (हुंगला!), डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि म्हणाला, "हा मेलाय. पुरायला हवा."

मी तरातरा निघून आले. हातमोजा त्याच्याकडेच राहिला. संध्याकाळी माझ्या खणात होता. वाळलेला, आतून पावडर लावलेली. म्हणजे मला घाणेरडी म्हणायची याची ही पद्धत. उद्धट कुठला!

हातमोजा उशाशी ठेवलाय. त्याला आता औषधाच्या दुकानासारखा वास येतो.

९ नोव्हेंबर

जिंकलो!!! एकच गेला आणि तोसुद्धा आमच्याच मुलीच्या पाठीवर आपटून. कोच हसल्या. त्यांना दात आहेत, हे आज संघाला कळलं.

आणि गंमत म्हणजे तिसऱ्या भागात पाय ताजेतवाने. खाली, वर, डावीकडे, उजवीकडे, बाहुलीला स्प्रिंग बसवल्यासारखे. मला वाटतं, हा नव्या पायमोज्यांचा गुण आहे. लाल घेतलेत. धुवायचे नाहीत आता.

एकच खटकलं. बर्फ खराब होता. माझ्या अर्धवर्तुळात आरसा नव्हताच. खरखरीत, कोरडा, जणू पाणी सोडलंच नव्हतं. दोनदा पाय फिरवले आणि झालं माझं खरवडून. महाराजांचं कामात लक्ष नाही. मान वळवून बघितलं, तर गाडीजवळ उभा राहून माझ्याकडेच बघत होता. मी हात उंचावून "काय हे?" अशी खूण केली. त्याने टोपी आणखी खाली ओढली.

१६ नोव्हेंबर

पुन्हा जिंकलो. एकही नाही गेला. एकही! दादा म्हणाला, "आता डोक्यावर बसेल." मी खरंच खुर्चीवर चढून त्याच्या डोक्यावर उशी ठेवली आणि तिच्यावर बसले. आई ओरडली, पण कढईला नाही, मला.

बर्फ तसाच कोरडा. दुसऱ्या टोकालासुद्धा. असली बेफिकिरी! लाल मोजे आहेत म्हणून निभावलं.

२३ नोव्हेंबर

मॅच बरोबरीत. पण ते जाऊ दे.

मॅचआधी ताई प्रेक्षकांत बसली होती, गुडघ्याला पट्टा, शेजारी कुबडी. आणि तिच्याशेजारी महाराज. दोघं डोकं जोडून बोलत होते. तो काचेवरच्या दवात बोटाने काहीतरी काढत होता. गोल काहीतरी. ताईने ते पुसून वेगळं काढून दाखवलं. मग तो हसला. तो हसतो! माझ्यासमोर त्याने आजवर भुवईसुद्धा हलवली नव्हती.

काचेवर माणूस काय काढतो? बदाम काढतो. अर्धा बदाम त्याने काढला असणार, अर्धा तिने.

ताईबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. ती मोठी आहे, गुणी आहे, तिचे केस छान आहेत. सुखी राहोत. मी इथे पालथी पडून हे लिहितेय आणि उशी ओली झालीय, पण ते सर्दीमुळे.

२४ नोव्हेंबर

आज तक्रार केली. रागाने नाही, तत्त्वाने. रिंकच्या मॅनेजरच्या खोलीत गेले आणि सांगितलं की मॅचला गोलपुढचा बर्फ सलग तीन रविवार कोरडा होता, पाणी नीट सोडलं जात नाही, ड्रायव्हरचं लक्ष दुसरीकडे असतं. "दुसरीकडे" हा शब्द मी जरा दाबून म्हटला.

मॅनेजर म्हणाले, "लेखी देता?"

दिलं. फटकन दिलं. माझं अक्षर इतकं सुंदर कधी आलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

महाराजांची मॅचची पाळी गेली. आता सकाळी लहान मुलांच्या शिकवणीला बर्फ घालतो. संध्याकाळी आणि रविवारी नवे ड्रायव्हर. मिशीवाले, हसतमुख, सगळ्यांना हात करतात. पाणी भरपूर सोडतात.

न्याय झाला. मला इतका आनंद झालाय की जेवण जाईना.

३० नोव्हेंबर

हरलो. चार. बर्फ म्हणजे काच. खरवडून खरवडून मॅच सुरू व्हायच्या आधीच पाय थकले. प्रत्येक भागाआधी पुन्हा तेच. लाल मोज्यांचा गुण संपला असावा. धुतले काय कुणी? आईला विचारलं. ती म्हणाली, "चिमट्याने उचलून धुतले. आभार नकोत."

७ डिसेंबर

हरलो. पाच. कोचनी बाजूला घेतलं.

"शेवटची मॅच एकवीसला. ती हरलो तर बाहेरून एक गोली बोलावतेय मी, पुढच्या वर्षासाठी. तुला आधी सांगितलेलं बरं."

"आणि जिंकलो तर?"

"तर बोलावणार नाही."

"मॅडम, माझे पाय..."

"पाय सगळ्यांनाच असतात," त्या म्हणाल्या.

घरी कुणी विचारलं नाही. आईने भांडी न आपटता घासली. ते फार लागलं मला.

१० डिसेंबर

देवा, मला गोलजाळ्यात गुंडाळून कुठल्यातरी माळ्यावर टाकून दे.

ताईला भेटायला गेले होते. मनाशी ठरवलं होतं की मोठ्या मनाने वागायचं. तिच्या पलंगाजवळ बसून म्हणाले, "ताई, मला माहितेय. तुमचं दोघांचं. मला काही वाटत नाही."

"कुणाचं दोघांचं?"

"तू आणि महाराज. मी बघितलं, काचेवर बदाम काढत होतात ते."

ताई आधी नुसती बघत राहिली. मग एवढी हसली की गुडघा धरून कळवळली, आणि पुन्हा हसली. "अगं बावळट, बदाम नव्हता तो! तुझं अर्धवर्तुळ होतं!"

"काय?"

"तू पहिल्यांदा सात खाल्लेस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी महाराजाचा मला फोन. नंबर कुणाकडून घेतला कोण जाणे. म्हणे, तुमची धाकटी दर वेळी इतकं का खरवडते? मी सांगितलं, गोलीला पकड लागते, पण खरवडण्यातच तिच्या पायांचा दम जातो. तेव्हापासून तो तेवढाच भाग कोरडा तासायचा, वरून पाणी न सोडता. म्हणजे तुला आयता खरखरीत मिळावा. त्या रविवारी मला विचारत होता, खांबाजवळ किती कोरडं ठेवू, पुढे किती."

मी बिस्किटांचा डबा ओढला.

"तुला एवढंही कळलं नाही? पाय कसे होते त्या तीन मॅचना?"

"मला वाटलं मोजे," मी म्हणाले.

"कसले मोजे?"

"लाल."

ताईने उशी माझ्या तोंडावर मारली. मला सोसवेना. मग मी तिला तक्रारीचं सांगितलं. यावेळी ती हसली नाही. म्हणाली, "जा. त्याच्याकडे जा. इथे बसून माझी बिस्किटं संपवू नकोस."

११ डिसेंबर

सकाळी उजाडताच रिंकवर. छोटी मुलं भिंतीला धरून उभी होती आणि महाराज शेवटची फेरी मारत होता. माझ्याने थांबवलं नाही. बुटांनीच बर्फावर पळत गेले. गोली असून, पॅड नसताना, ताज्या पाण्यावर! पाय वर, मी खाली, आणि तशीच बसल्या बसल्या घसरत थेट गाडीच्या पुढ्यात. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने गाडी थांबवली. वरून म्हणाला, "हा बर्फ पण नांगरायचाय का?"

"तू माझ्यासाठी कोरडा ठेवत होतास. बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर चाललं असतं? तू ऐकून घेतलं असतंस?"

"नाही," मी म्हणाले. खरं ते खरं. "पण मी तुझी तक्रार केली!"

"माहितेय. वाचायला दिली मला. अक्षर छान आहे."

मी तशीच बसलेली, कपडे भिजलेले. वरती बघून म्हणाले, "माझ्यासाठी केलंस ना?"

तो लाल झाला. थंडी असेल. "दोन्ही टोकांना सारखंच करायचो," तो म्हणाला. "पलीकडच्या गोलीलाही तेवढंच. पक्षपात नको. बर्फ घालणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची नसते."

"म्हणजे माझ्यासाठी नाही?"

"ऊठ आधी. खाली गोठशील."

हे काय उत्तर झालं? दिवसभर हेच चघळतेय. एक मन म्हणतं, त्याला फक्त बर्फाची माया. दुसरं मन म्हणतं, ताईचा नंबर काढला त्याने! त्या मनाला मी आज गादीवर उड्या मारू दिल्या. पलंगाच्या फळीचा आवाज झाला. दादा म्हणतो, भूकंप.

१२ डिसेंबर

मॅनेजरकडे जाऊन तक्रार मागे घेतली. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आधी पाणी सोडत नाही म्हणून लेखी, आता पाणी सोडत नव्हता म्हणून कौतुक, तेही लेखी. उद्या काय आणाल, लग्नाची पत्रिका?"

माझे कान तापले. मी म्हणाले, "आणीन! तुम्हाला त्रास?" आणि दार आपटून बाहेर आले. बाहेर आल्यावर कळलं मी काय बोलले ते.

पण त्यांनी हसून मान डोलावली होती. म्हणजे एकवीसला महाराज परत! कोरडा बर्फ, ताजे पाय, मी पहिली गोली, कॉलेज रद्द. चारी खांब उभे. काका, आहात ना?

१८ डिसेंबर

संपलं.

मॅनेजर म्हणाले, "मी त्याला शेवटची मॅच दिली होती. त्याने नाही म्हटलं."

"नाही म्हटलं? का?"

"म्हणाला, तुमच्या संघाच्या मॅचला आता बर्फ घालणार नाही. यापुढे कधीच नाही. बाकी कुणाच्याही मॅचला घालेन. कारण विचारलं, तर टोपी ओढून निघून गेला."

आमच्या संघाच्या मॅचला नाही. म्हणजे माझ्या. यापुढे कधीच नाही. यापेक्षा स्पष्ट कुणी कुणाला सांगू शकत नाही. लहान मुलांसमोर मी त्याच्या पुढ्यात भिजत बसले आणि त्याने ही किंमत केली! मी रडणार नव्हते, पण आता सुरूच झालंय तर पूर्ण करते.

झालं पूर्ण. आता राग येतोय. छान वाटतंय. राग आला की मला भूक लागते आणि पकड नीट बसते. काच असू दे बर्फ. काचेवर उभी राहून दाखवते. कुणाच्या उपकाराचा खरखरीतपणा नको मला.

ताईला फोन केला. म्हटलं, "घसरड्या बर्फावर काय करायचं?"

"घसरायचंच असेल तर ठरवून घसर. उशिरा निघालीस तर जोर लावतेस आणि पलीकडे जातेस. लवकर नीघ. हळू नीघ. आणि काय गं, आवाज का बसलाय?"

"सर्दी," मी म्हणाले.

२१ डिसेंबर

घाईत लिहितेय, अक्षराला माफी.

आई आली होती. पहिल्यांदाच! बाबा, दादा आणि ती, तिघं एका रांगेत. आईने डोळ्यांवर हात ठेवलेला आणि बोटांमधून बघत होती. महाराजसुद्धा होता, वरच्या कोपऱ्यात, एकटा. एकदाच दिसला. मी मास्क खाली ओढला आणि काकांशी बोलले.

पहिला भाग, शून्य-शून्य. दुसऱ्या भागात आमचा एक झाला. मी लवकर निघत होते, हळू निघत होते, ताई म्हणाली तसं. ठरवून घसरत होते आणि बरोबर खांबापाशी थांबत होते. हे मला येतं! हे मला आधीपासून येत असणार, नुसतं रागात जोर लावायचे म्हणून येत नव्हतं. आज राग होता, पण तो पोटात होता, पायांत नव्हता.

तिसऱ्या भागाआधी मिशीवाल्यांनी उत्साहाने पाणी सोडलं. शेवटची मॅच म्हणून दुप्पट. माझ्या अर्धवर्तुळात तळं. गोठलंच नव्हतं. खरवडायला गेले तर चिखल झाला, बर्फाचा चिखल. तेवढ्यात शिट्टी.

आणि अगदी शेवटाला त्यांची डावखुरी एकटीच सुटली. ती आणि मी, मध्ये कुणी नाही. सगळं रिंक उभं राहिलेलं. ती डावीकडे दाखवून उजवीकडे वळली. मला कळलं. मी निघाले, लवकर, हळू, अगदी नीट. आणि त्या तळ्यात पाय पडला.

मी थांबलेच नाही. धाकट्या काकांना जोरात धडकले, उलटी झाले, पाठीवर पडले, दोन्ही पाय हवेत. उताणं झुरळ असतं ना, तशी. वर दिवे दिसत होते. मनात आलं, संपलं, कॉलेज. आणि पायावर धप्प! वर उडालेल्या माझ्या पॅडवर पक आपटली, तिथून माझ्या पोटावर पडली, आणि मी दोन्ही हातांनी तिला मिठी मारली. सोडेचना. पंच म्हणाला, "द्या आता ती." मी म्हणाले, "नाही."

जिंकलो. एक-शून्य!

मुली अंगावर पडल्या. खाली मी, वर अख्खा संघ. त्या ढिगात कोचचा आवाज, "ते शेवटचं ठरवून केलंस?"

"हो!"

"खोटं बोलतेस."

"हो!"

"त्याआधीची सगळी ठरवून होती. ती बघितली मी. बाहेरून कुणाला बोलवत नाही. पुढच्या वर्षी पहिली गोली तू. आता ऊठ, बर्फ खराब होतोय."

घरी येताना बाबांनी माझा हात उजेडात धरून बघितला.

२२ डिसेंबर

सकाळी आईने चहा दिला आणि समोर बसली. भांडी नाहीत, काही नाही. म्हणाली, "तो कोपऱ्यातला टोपीवाला मुलगा कोण गं?"

"कोणी नाही. बर्फ घालतो. का?"

"सगळं जग उभं राहून ओरडत होतं आणि तो एकटा छताकडे बघत होता. तू उलटी पडलीस तेव्हा तर खाली बसून डोकं गुडघ्यांत. मी म्हटलं, चला, आणखी एक माझ्यासारखं आहे इथे."

चहा तसाच टाकून पळाले. आज पायांत स्केट घातले, शहाणपण आलंय. लहान मुलांची शिकवणी सुटत होती. तो गाडीतून पाणी काढत होता. मी जाऊन समोर उभी राहिले. भांडायचं ठरवून गेले होते, वाक्यं पाठ होती.

"माझ्या मॅचला बर्फ घालणार नाहीस म्हणालास. का? माझी तक्रार विसरता येत नाही? सरळ सांग. तोंडावर सांग. मी काय लहान..."

"जमणार नाही आता," तो म्हणाला. गाडीच्या नळाकडे बघत. "पूर्वी दोन्ही टोकं सारखी घालायचो. हाताला कळायचंच नाही कुठली बाजू कुणाची. आता कळतं." त्याने नळ बंद केला. "तू सकाळी बसून घसरत आलीस ना त्या दिवशी, त्यानंतर मुलांसाठी घालतानासुद्धा तुझ्या बाजूचं टोक जास्त नीट होतं. मॅचला तसं झालं तर ती चोरी. म्हणून मीच नाही म्हटलं."

माझी पाठ केलेली वाक्यं कुठे गेली, कोण जाणे. मागे कुणीतरी छोटी धपकन पडली आणि आपणच हसली.

मी विचारलं, "सकाळी रोज असतोस?"

"असतो. बर्फ बघायला येणारेस?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने टोपी काढली. कान एवढे मोठे आहेत त्याचे! आणि लाल. आणि आज तितकी थंडी नव्हती.